पहिला ट्रॅक डे: बाईक घेऊन सर्किटवर जाण्याआधी काय तयारी करायची?

रविवारी पहाटे ताम्हिणी, वरंध किंवा माळशेजच्या वाटेला लागलं की स्पोर्ट्स बाईकचे ताफे हमखास दिसतात. वळणावर बाईक झोपवायची, गुडघा रस्त्याला टेकवायचा आणि त्याचं रील करायचं, ही हौस आता नवी राहिलेली नाही. पण घाटात वळणापलीकडून एसटी येते, रस्त्यावर खडी पसरलेली असते आणि एका बाजूला कठडा, तर दुसऱ्या बाजूला दरी असते. शिवाय राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे.

ही हौस भागवण्यासाठी योग्य जागा म्हणजे रेसिंग सर्किट. तिथे शर्यतीत न उतरताही बाईक चालवता येते. अशा दिवसाला 'ट्रॅक डे' म्हणतात. सर्किटवर समोरून वाहन येत नाही, पादचारी नसतात आणि अॅम्ब्युलन्स उभी असते. तरीही तिथे पडलं की लागतंच. म्हणूनच पहिला ट्रॅक डे कसा जाणार, हे बरंचसं ट्रॅकवर पोहोचण्याआधी ठरलेलं असतं.

ट्रॅक डे म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक डे ही शर्यत नाही. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं आणि कोणाला हरवायचंही नसतं. एखादा क्लब, कंपनी किंवा प्रशिक्षण संस्था सर्किट दिवसभरासाठी भाड्याने घेते आणि फी भरणाऱ्या रायडर्सना ते चालवायला देते. शर्यतीत उतरायचं असेल तर एफएमएससीआय या मोटारस्पोर्टच्या राष्ट्रीय संस्थेचा परवाना काढावा लागतो. ट्रॅक डेचे नियम मात्र आयोजक ठरवतो.

दिवसाची आखणी साधारण ठरलेली असते. सकाळी नोंदणी, मग बाईक आणि गियरची तपासणी, त्यानंतर सगळ्या रायडर्सचं ब्रीफिंग. पुढे अनुभवानुसार गट पडतात आणि प्रत्येक गटाला आळीपाळीने १५ ते २० मिनिटांचं सेशन मिळतं. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक करण्याचे नियम कडक असतात. बहुतेक ठिकाणी फक्त सरळ पट्ट्यात आणि पुरेसं अंतर ठेवूनच पुढे जाता येतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर नुसता ट्रॅक डे न निवडता प्रशिक्षक असलेला कार्यक्रम निवडावा. कीथ कोड यांनी १९८० मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग चेन्नईच्या सर्किटवरही होत आले आहेत. अशा वर्गात प्रत्येक सेशनला एकच गोष्ट शिकवतात आणि तेवढीच करायला सांगतात. स्वतःच्या मनाने फेऱ्या मारण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचं ठरतं.

सर्किट कुठे आहेत?

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथलं मद्रास इंटरनॅशनल सर्किट हे देशातल्या बाईक रेसिंगचं जुनं घर आहे. १९९० पासून वापरात असलेल्या या ट्रॅकची लांबी ३.७१७ किलोमीटर असून त्याला १२ वळणं आहेत. कोईम्बतूरजवळची कारी मोटर स्पीडवे साधारण २.१ किलोमीटरची आहे. रेसिंग ड्रायव्हर आणि रेसिंग कार घडवणारे एस. करिवर्धन यांचं नाव तिला दिलेलं आहे. ग्रेटर नोएडातलं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट पाच किलोमीटरहून थोडं मोठं आहे. तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली आणि २०२३ मध्ये मोटोजीपीची फेरी झाली.

नवख्यासाठी लहान आणि वळणांचं सर्किट जास्त चांगलं. बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. तिथे मोठी बाईक सहज दोनशेच्या पुढे जाते, आणि त्या वेगावरून वळणाआधी अचूक ब्रेक लावणं हे पहिल्या दिवशी शिकायचं काम नव्हे.

पुणे-मुंबईच्या रायडरसाठी चेन्नई म्हणजे बाराशे-तेराशे किलोमीटरचा पल्ला. बाईक चालवतच जायचं ठरवलं तर शरीर थकतं आणि हायवेवर सरळ चालून टायर मधोमध चपटा होतो. असा टायर वळणात बाईक झुकवताना अडखळल्यासारखा वागतो. दुसरी अडचण परतीची. ट्रॅकवर हँडल किंवा ब्रेकचा लिव्हर तुटला तर त्याच बाईकवर घरी येता येत नाही. त्यामुळे बाईक टेम्पोने किंवा रेल्वेच्या पार्सलने पाठवणं, किंवा आयोजकाकडूनच भाड्याने बाईक घेणं बरं. रेल्वेने पाठवताना टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, हे लक्षात ठेवलेलं बरं.

मोठी बाईक हवीच का?

नाही. १५० ते ४०० सीसीची बाईक शिकण्यासाठी जास्त योग्य ठरते. यामाहा आर१५, टीव्हीएस अपाचे किंवा केटीएम आरसी ३९० यांसारख्या बाईकवर भारतातल्या अनेक रायडर्सनी रेसिंगची सुरुवात केली आहे. कमी ताकदीच्या बाईकवर वळणात गमावलेला वेग सरळ पट्ट्यात पटकन भरून निघत नाही. त्यामुळे वळण नीट घ्यायला शिकावंच लागतं. लिटर क्लास बाईकवर मात्र चुकीचं वळण घेऊनही थ्रॉटल पिळला की वेग मिळतो आणि चूक झाकली जाते.

बाईक कशी तयार करायची?

सर्व्हिसिंग आदल्या रात्री न करता आठवडाभर आधी करावं. म्हणजे काही सैल राहिलं असेल तर रोजच्या वापरात ते कळतं.

टायर: टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. '१४२४' म्हणजे २०२४ च्या १४व्या आठवड्यातला टायर. रबर कडक झालेला, भेगा पडलेला किंवा पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर नेऊ नये. हवेचा दाबही महत्त्वाचा असतो. सलग जोरात चालवल्यावर टायर तापतो आणि आतला दाब वाढतो. म्हणून रोडच्या टायरमध्ये ट्रॅकवर सहसा थोडी कमी हवा ठेवतात. किती कमी, हे टायरवर आणि हवामानावर अवलंबून असल्याने आयोजकांच्या तंत्रज्ञाला विचारूनच ठरवावं.

ब्रेक: पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असावेत आणि ब्रेक ऑइल ताजं असावं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, लिव्हर मऊ पडतो आणि ब्रेक लागेनासा होतो. शहरात दोन वर्षं जुनं ऑइल चालून जातं, पण ट्रॅकवर तिसऱ्या फेरीतच दगा देऊ शकतं.

गळती: इंजिन ऑइल, कूलंट, पेट्रोल यांचा एक थेंबही गळता कामा नये. ऑइल सांडलं की ज्याचं सांडतं तोच पडतो असं नाही, मागून येणारेही पडतात. कूलंटमधलं ग्लायकॉल डांबरावर निसरडं होतं. त्यामुळे काही आयोजक त्याऐवजी साधं पाणी भरायला सांगतात.

काढायच्या वस्तू: आरसे, नंबर प्लेट, साडी गार्ड, लेग गार्ड, मोबाईल होल्डर, मागचा बॉक्स. पडल्यावर जे तुटून ट्रॅकवर पसरेल किंवा डांबरात रुतून बाईकला कोलांटी मारायला लावेल, ते सगळं निघालं पाहिजे. हेडलाईट आणि इंडिकेटरवर टेप लावतात, म्हणजे काच फुटली तरी विखुरत नाही. ब्रेक लाईटही बंद करतात किंवा झाकतात, कारण पुढच्याचा दिवा पाहून मागचाही दचकून ब्रेक दाबतो.

चेन किती सैल आहे ते तपासावं. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून थ्रॉटल सोडला की तो आपोआप मागे येतो का, तेही पाहावं. एबीएस असेल तर तो चालूच ठेवावा.

अंगावर काय हवं?

जीन्स आणि रायडिंग जॅकेटवर बहुतेक सर्किटवर प्रवेश मिळत नाही. चामड्याचा एकसंध सूट लागतो, किंवा जॅकेट आणि पँट कंबरेभोवती पूर्ण चेनने जोडता येणारा दोन भागांचा सूट. कारण साधं आहे. घसरताना जॅकेट वर सरकलं तर डांबराशी थेट पाठ घासते. सूट महाग असतो, पण अनेक ठिकाणी भाड्याने मिळतो. तो आधी घालून पाहावा. उभं राहिल्यावर थोडा आवळ आणि बाईकवर वाकल्यावर बरोबर बसणारा सूट योग्य समजावा.

हेल्मेट फुल फेसच हवं, आणि पट्टा दोन धातूच्या कड्यांतून ओवून बांधायचा असावा. आयएसआय मार्कखेरीज ईसीई २२.०६ सारखं मानक अनेक आयोजक मागतात. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून ठीक दिसलं तरी आतलं थर्माकोलसारखं अस्तर दबलेलं असतं, म्हणून ते वापरू नये.

हातमोजे मनगटावर येणारे आणि बूट घोटा झाकणारे असावेत. पाठीचा प्रोटेक्टर घेताना त्यावरची लेव्हल पाहावी. युरोपीय मानकानुसार चाचणीत लेव्हल १ चा प्रोटेक्टर सरासरी १८ किलोन्यूटनपर्यंत बल शरीराकडे जाऊ देतो, तर लेव्हल २ चा ९ किलोन्यूटनपर्यंत. म्हणजे निम्मा. मोटोजीपीत २०१८ पासून एअरबॅग असलेला सूट सक्तीचा आहे. हौशी रायडरला ती सक्ती नसली तरी एअरबॅग व्हेस्ट आता बाजारात मिळतात.

विमा चालतो का?

इथे अनेकांचा गैरसमज असतो. भारतातल्या मोटार विम्यात शर्यत, वेगाची चाचणी अशा वापराला संरक्षण नसतं. फुल इन्शुरन्स असला तरी ट्रॅकवर झालेलं बाईकचं नुकसान बहुधा स्वतःच्याच खिशातून भरावं लागतं. आरोग्य विमा आणि वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळांबाबतच्या अटी असतात. पॉलिसीतलं ते कलम जाण्याआधी वाचून घ्यावं, आणि शंका असेल तर कंपनीकडून ईमेलवर उत्तर मागवावं.

नोंदणीच्या वेळी जबाबदारी स्वीकारल्याचा फॉर्म भरून द्यावा लागतो. तो न वाचता सही करू नये. रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर त्यात बरोबर लिहावा. हा दिवस घरच्यांपासून लपवून करण्याचा नाही.

शरीराची तयारी

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की कष्ट बाईकच करते. प्रत्यक्षात प्रत्येक ब्रेकला शरीर पुढे फेकलं जातं आणि प्रत्येक वळणाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला हलवावं लागतं. हा भार हातांवर घेतला तर दुसऱ्या सेशनपर्यंत मनगटं आणि बाह्या भरून येतात, आणि थ्रॉटल-ब्रेकवरचा ताबा जातो. म्हणून टाकी मांड्यांनी घट्ट धरायची आणि हँडल हलकं पकडायचं. महिनाभर आधीपासून बैठका, प्लँक आणि भिंतीला टेकून खुर्चीसारखं बसण्याचा व्यायाम केला तरी फरक जाणवतो.

चेन्नईच्या उन्हात चामड्याच्या सूटमध्ये घाम प्रचंड येतो. तहान लागण्याची वाट न पाहता प्रत्येक सेशननंतर पाणी, ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखरेचं सरबत घ्यावं आणि सूट कंबरेपर्यंत उतरवून सावलीत बसावं. जेवण हलकं असावं. आदल्या रात्री पार्टी केलेल्याने सरळ प्रेक्षकांत बसावं.

झेंड्यांची भाषा

ट्रॅकवर सिग्नल नसतो. ठिकठिकाणी उभे असलेले मार्शल झेंड्यांनी बोलतात. किमान एवढे झेंडे पाठ हवेत:

• पिवळा: पुढे धोका आहे. वेग कमी करायचा, ओव्हरटेक नाही.
• लाल: सेशन थांबवलं आहे. सावकाश पिटमध्ये परतायचं.
• पिवळा-लाल पट्टे: ट्रॅक निसरडा आहे, ऑइल किंवा पाणी असू शकतं.
• निळा: मागून जास्त वेगवान रायडर येतो आहे. आपली लाईन सोडायची नाही, तो वाट काढेल.
• काळा: ज्याला दाखवला त्याने पिटमध्ये यायचं.
• काळा-पांढरा चौकटी: सेशन संपलं.

काही आयोजक यात थोडे बदल करतात, म्हणून ब्रीफिंगमध्ये सांगितलेला अर्थच अंतिम मानावा.

दहा किलोमीटरचा फरक

नवखा रायडर सहसा सरळ पट्ट्यात फारसा चुकत नाही. तो वळणात थोडा जास्त वेग घेऊन शिरतो आणि तिथे फसतो. हा 'थोडा' किती महाग पडतो, ते आकड्यांत पाहता येतं. ५० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ६० किलोमीटर वेगाने घ्यायला बाईक साधारण ३० अंश झुकवावी लागते. ७० च्या वेगाला ३८ अंश. ८० च्या वेगाला ४५ अंश. म्हणजे वेग फक्त २० ने वाढला, पण टायरवरचा आडवा भार जवळपास पावणेदोन पट झाला. ४५ अंशांवर हा आडवा भार बाईक आणि रायडरच्या एकूण वजनाइतका होतो.

ब्रेकचंही तसंच. कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लावून ताशी १०० वरून थांबायला सुमारे ५० मीटर लागतात. १४० वरून तेच अंतर जवळपास दुप्पट होतं.

टायरकडे पकड मोजकीच असते आणि ती वळणं आणि ब्रेक लावणं या दोन्हींत वाटली जाते. बाईक पूर्ण झुकलेली असताना घाबरून पुढचा ब्रेक आवळला तर मागणी शिलकीपेक्षा जास्त होते आणि पुढचं चाक निसटतं. म्हणून नवख्याने ब्रेकचं काम बाईक सरळ असतानाच उरकावं, वळणात गरजेपेक्षा थोडं हळू शिरावं आणि बाहेर पडताना थ्रॉटल हळूहळू उघडावा.

नजर हा यातला मोठा भाग आहे. बाईक तिकडेच जाते जिकडे रायडर पाहतो. कठड्याकडे किंवा पडलेल्या बाईककडे टक लावली की हातही तिकडेच वळतात. वळणात शिरण्याआधीच नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे, म्हणजे एपेक्सकडे, आणि तिथे पोहोचण्याआधी बाहेर पडण्याच्या जागेकडे गेली पाहिजे. तरीही वळण हुकलंच तर बाईक सरळ करून ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या जागेत हळू नेणं हे जबरदस्तीने वळवण्यापेक्षा सुरक्षित असतं. गवतावर किंवा खडीवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही.

पहिल्या सेशनमध्ये काय करायचं?

पहिल्या दोन-तीन फेऱ्या सावकाश घ्यायच्या. टायर थंड असतात आणि वळणं ओळखीची नसतात. कोणतं वळण कुठे सुरू होतं, मार्शल कुठे उभे आहेत, पिटमध्ये जायची वाट कुठून आहे, एवढंच त्या सेशनमध्ये शिकायचं. मागे वळून पाहायचं नाही. मागच्याला सांभाळून पुढे जाणं ही मागच्याची जबाबदारी असते. पुढच्याने फक्त अचानक दिशा बदलायची नाही आणि मध्येच हळू व्हायचं नाही. पिटमध्ये जायचं असेल किंवा बाईकमध्ये बिघाड वाटला तर हात वर करून बाजूला व्हायचं.

हेल्मेटवर कॅमेरा लावायला अनेक ठिकाणी मनाई असते, आणि नवख्यासाठी ती चांगलीच आहे. कॅमेरा चालू असला की माणूस रीलसाठी बाईक चालवू लागतो. गुडघा टेकवण्याचंही तसंच. योग्य लाईन, योग्य वेग आणि शरीराची योग्य ठेवण जमली की गुडघा एक दिवस आपोआप टेकतो. मुद्दाम टेकवायला गेलं की शरीर वेडंवाकडं होतं आणि लक्ष वळणावरून गुडघ्यावर जातं.

ट्रॅकवरही जीव जातो

५ ऑगस्ट २०२३ रोजी चेन्नईच्या सर्किटवर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या शर्यतीत १३ वर्षांच्या एका रायडरचा पडल्यानंतर मृत्यू झाला. तो नवखा नव्हता, तर वयाच्या मानाने नाव कमावलेला रायडर होता. ती शर्यत होती, ट्रॅक डे नव्हता. पण संरक्षक गियर, मार्शल आणि अॅम्ब्युलन्स असूनही धोका शून्यावर येत नाही, हे त्या घटनेने दाखवलं.

म्हणून पहिल्या दिवसाचं उद्दिष्ट लॅप टाईम असू नये. एक-दोन वळणं सकाळपेक्षा संध्याकाळी चांगली घेता आली, तरी दिवस सार्थकी लागला. शेवटच्या सेशनमध्ये शरीर थकलेलं असतं, पण आत्मविश्वास वाढलेला असतो, आणि पडण्यासाठी ही जोडी पुरेशी असते. हात जड झाले, ब्रेकची जागा दोनदा चुकली किंवा पाण्याची बाटली उघडतानाही बोटं थरथरली, तर ते सेशन सोडून द्यावं. फीचे थोडे पैसे वाया गेले तरी बाईक धड राहते आणि पुढचा ट्रॅक डे हातात उरतो.